नावं खाणारा कॉम्प्युटर

लग्नसराई सुरू झाली की माझी मान दुखायला लागते. एप्रिलचा दुसरा आठवडा आहे, वळ गावाच्या बाजूने हळदीचा बँड ऐकू येतोय, शेजारच्या कारखान्यातले लूम नेहमीसारखे खडखडताहेत, आणि मी पंख्याखाली बसून कोणाच्या तरी मामांची नावं टाइप करतेय. समोर चंदेरी रंगाचा पातळ कॉम्प्युटर आहे. तीन वर्षं झाली त्याला घरात येऊन. आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

लग्नसराईवर लोक काहीबाही सुंदर लिहितात, मोगरा वगैरे. मला या दिवसांचा वास म्हणजे घाम, तापलेली वायर आणि छापखान्यातून आलेल्या ओल्या शाईचा. दार उघडं ठेवलं तर लूममधून कापसाचं तूस उडत येतं, बंद ठेवलं तर जीव गुदमरतो. भिवंडीत आमच्या गल्लीत राहणाऱ्याने या दोहोंतून एक निवडायचं असतं. मी दार उघडं ठेवते, कारण गिऱ्हाईक दारातूनच येतं.

माझा जुना कॉम्प्युटर या तुसाला सरावलेला होता. टेबलाखाली पाण्याच्या टाकीएवढा काळा डबा, त्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, आणि आत तोंड करून एक छोटा पंखा लावलेला. दर रविवारी मी ब्रशने त्याच्या पोटातलं तूस काढायची. उशी भरेल इतकं निघायचं. आवाज करायचा, चालू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लावायचा, पण बिघडला की कुठे बिघडला ते उघड्या पोटात दिसायचं. या नव्याला पोटच नाही. सगळीकडून बंद, एक स्क्रू दिसत नाही. तो कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला. एवढं सांगते की तो दुसऱ्या जातीचा आहे. याची बटणं दुसऱ्या कोपऱ्यात, याची खिडकी उलट्या बाजूने बंद होते, आणि मी काही चुकीचं केलं की तो ओरडत नाही, नुसता गप्प बसतो. माझ्या सासूबाई असंच करायच्या.

मी घरी बसून लग्नपत्रिका करते. मुलगी शाळेत होती तेव्हा सुरू केलं, आता ती नोकरीला लागली. आमच्याकडच्या आगरी-कुणबी घरांतली पत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे काम कळणार नाही. शहरातल्या पत्रिकेत दोन नावं आणि एक हॉल असतो. आमच्याकडे शंभर-सव्वाशे नावं असतात. निमंत्रक, त्यांच्याखाली काका, आत्या, मामा, भाऊ, जावई, आणि अगदी तळाला ‘किलबिल’ म्हणून घरातली सगळी लहान पोरं. पत्रिका आली की आमच्याकडे माणूस मुहूर्त नंतर बघतो, आधी स्वतःचं नाव शोधतो. ते कितव्या ओळीत आहे, कोणाच्या आधी आहे, कोणाच्या मागे गेलंय. नाव असेल तर जायला दुसरं कारण लागत नाही. नाव नसेल तर कितीही बोलावणी येऊ देत, पाऊल उचलत नाही.

म्हणून मी एक पद्धत बसवली होती. प्रत्येक घराची एक फाइल. त्या घरात पुढचं लग्न निघालं की मागचीच फाइल उघडायची आणि फरक करायचा. मागच्या वेळचा ‘चि.’ आता ‘श्री.’ झालेला असतो, कुमारी सौभाग्यवती झालेली असते, एखादे श्री. कैलासवासी होऊन वरच्या कोपऱ्यात गेलेले असतात आणि त्यांची बायको दोन अक्षरांनी बदललेली असते. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या बढत्या मी माझ्या बोटांनी दिल्या आहेत. मला त्याचं काही वाटायचं नाही. डोळ्यांत पाणी आणून टाइप केलं तर चुका होतात. एवढ्या वर्षांत माझ्याकडून एक नाव सुटलं नव्हतं, आणि पूर्ण्यापासून वज्रेश्वरीपर्यंतची घरं माझ्याकडे त्यासाठी यायची. येऊन एवढंच म्हणायची, “मागच्यासारखाच घाल, बाय. पोरीचा नाव तेवढा बदल.”

या वाक्यात किती भांडणं झाकलेली होती ते मला फार उशिरा कळलं.

माझी मुलगी स्नेहल पुण्याला चित्रं आणि जाहिराती बनवणाऱ्या ऑफिसात आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती आली ती हा कॉम्प्युटर बगलेत मारूनच. ऑफिसने तिला नवा दिला होता, म्हणून तिचा जुना माझा नवा झाला.

“आई, तुझा तो डबा बघून मला लाज वाटते,” ती म्हणाली.

“तुझी फी त्या डब्याने भरलीय.”

“म्हणून काय त्याची आरती करायची? कधीतरी मरेल तो, आणि सगळं घेऊन मरेल.”

ते खरं होतं. तो आठवड्यातून दोनदा मध्येच बंद पडत होता. दोन दिवस बसून तिने सगळ्या फायली इकडून तिकडे नेल्या. मी शेजारी उभी राहून विचारत होते, “सगळं आलं?” आणि ती म्हणत होती, “सगळं आलं. एक फाइल राहिली नाही.” सोमवारी सकाळी गल्लीत भंगारवाला आला. मी स्वयंपाकघरात होते. कणकेचे हात घेऊन बाहेर येईपर्यंत डबा हातगाडीवर चढला होता.

“मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस,” ती म्हणाली. पोरगी माझ्यावर गेलीय.

ती पुण्याला गेली आणि दुपारी मी पहिली फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरांचा भुसा. शब्द नाहीत, अर्थ नाही, मध्येच कंस, मध्येच टिंबं. दुसरी फाइल तशीच. पन्नासावी तशीच. स्नेहल म्हणाली होती ते खोटं नव्हतं. सगळं आलं होतं.

फोनवर ती म्हणाली, “अगं, तू तो आदिकाळातला मराठी फॉन्ट वापरतेस. तो या मशीनवर बसत नाही. आता नवीन पद्धतीने टाइप कर ना.”

“सव्वाशे घरांची नावं?”

“लागतील तशी कर. लोकांना विचार. सांगतील की ते.”

लोकांना विचार. केवढा साधा सल्ला. मीही तो साधेपणाने घेतला. नव्या पद्धतीने मराठी टाइप करताना प्रत्येक अक्षर डोळ्यांनी शोधावं लागत होतं. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली मी, एका बोटाने ‘क’ शोधत बसले होते. माझ्या चिडचिडीमुळे घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला काशिनाथदादा आले. वळचे. बरोबर त्यांची बायको, जनावहिनी. त्यांच्या मधल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. खुर्चीवर बसत ते नेहमीचंच बोलले, “मागच्यासारखाच घाल.”

“दादा, मागचं गेलं,” मी म्हटलं. “कॉम्प्युटर बदलला. फायली उघडत नाहीत. ही वही घ्या, सगळी नावं क्रमाने लिहून द्या.”

इथे त्या घराचं सांगायला हवं. काशिनाथ आणि दामोदर, दोघे सख्खे भाऊ, एकाच आवारात दोन घरं. बापाच्या शेतावर आता गोदाम आहे, निळ्या पत्र्याचं, आमच्याकडच्या सगळ्या शेतांवर आहे तसंच. जमीन दिली त्या कागदावर सही आधी कोणी केली आणि धाकट्याला विचारून केली की न विचारता, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते सात-आठ वर्षं बंदच होतं. मधल्या काळात काशिनाथच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका माझ्याकडे. मी मागची फाइल उघडली, मागच्या फायलीत निमंत्रकांच्या दुसऱ्या ओळीत दामोदर होता, तो तसाच राहिला. कोणी मला काढ म्हटलं नाही. कोणी ठेव म्हटलं नाही. दामोदर लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवला, कोणाशी न बोलता घरी गेला. पुढे दामोदरच्या घराची वास्तुशांत झाली, त्याच्या पत्रिकेत काशिनाथ. तोही तसाच गेला, जेवला, आला. दोघांच्या मध्ये तेवढाच धागा उरला होता, आणि तो त्यांच्या हातात नव्हता, माझ्या डब्यात होता. ‘मागच्यासारखंच’ म्हटलं की कोणालाच वाकावं लागत नव्हतं.

आणि मी त्या माणसाच्या हातात कोरी वही आणि पेन दिलं होतं.

काशिनाथदादांनी लिहायला घेतलं. स्वतःचं नाव, मग मुलाचं. पेन थांबलं. बाहेर लूमवाल्यांची शिफ्ट बदलत होती, माणसं जात-येत होती. दादांनी पेनाची टोपी लावली, काढली, आणि पुढच्या ओळीत सरळ चुलतभावांची नावं लिहायला लागले.

जनावहिनी मान पुढे काढून बघत होत्या. “अवो, दामाचा नाव राहिला.”

“राहिला न्हाय,” काशिनाथदादा म्हणाले.

“पोरीला काकानं उचलून शाळेत नेलंय.”

“तू गप र्‍हा. मना इचारलाय, मी लिवतंय.”

खरंच, त्यांना विचारलं होतं. मीच विचारलं होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, जणू मी त्यांच्या चुलीवरचं भांडं लाथाडलंय. मी वही घेतली आणि म्हटलं, तीन दिवसांनी प्रूफ बघायला या.

त्या तीन दिवसांत मी त्यांची जुनी फाइल दहा वेळा उघडली. काय करणार होते कोण जाणे. तोच भुसा, तीच अक्षरं. एकदा अशीच चिडून बघत बसले होते आणि बोटं टेबलावर आपोआप हलत होती, टायपिंग शिकलेल्या बायकांची हलतात तशी. एका जागी लिहिलं होतं डी, के, डी, के. डावं मधलं बोट, उजवं मधलं, डावं मधलं, उजवं मधलं. बोटांनी लिहिलं, ‘काका’.

मी ताठ बसले. भुसा नव्हता तो. मीच दाबलेली बटणं होती, एकामागून एक, जशी दाबली तशी. जुन्या यंत्राने त्यांच्यावर मराठीचं कापड घातलं होतं, याने ते काढून नुसता सांगाडा समोर ठेवला होता. डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. मी टेबलावर खोटं खोटं टाइप करत पूर्ण पान वाचलं. निमंत्रकांच्या दुसऱ्या ओळीत एन, के, ई, के, एस, एन, जे. दामोदर. जागच्या जागी होता.

मला आनंद वगैरे झाला नाही. राग आला. हे आठ दिवस आधी कळलं असतं तर मी कोणाला काही विचारलंच नसतं.

मी दोन प्रूफं काढली. एक वहीप्रमाणे, एक फायलीप्रमाणे. काशिनाथदादा आले तेव्हा दोन्ही समोर ठेवली. “हे तुम्ही लिहून दिलेलं. हे मागच्यासारखं. जुनी फाइल वाचता आली मला.”

त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ धरले. मला वाटलं, वाचलो आपण. पण एकदा हाताने सोडलेलं नाव पुन्हा घ्यायचं म्हणजे हाताने घ्यावं लागतं, आणि ते दादांच्यानं होईना.

“मी लिवलेलाच ठेव,” ते म्हणाले.

माझ्याकडे गिऱ्हाइकाने प्रूफवर सही करायची पद्धत आहे. त्यांनी सही केली. मी प्रूफ टेबलाच्या खणात ठेवलं आणि पत्रिका छापायला पाठवली. छापखान्याचे चाचा जुने, त्यांनी उलट विचारलं, “आपा, इसमें वो छोटे भाई का नाम नहीं है. देख लिया ना?” म्हटलं, “देख लिया.”

पत्रिका वाटल्या गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला दामोदर माझ्या दारात उभा. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. पत्रिका टेबलावर ठेवली.

“माजा नाव कसा काय राहिला, ताई?”

“बसा.”

“बसत न्हाय. तीन वेला वाचली. चष्मा लावून वाचली. किलबिलमधी पन बघितला.” तो हसला नाही. “तुजे हातून नाव सुटत न्हाय, सगला गाव बोलतो.”

माझी मांडी त्या खणाला टेकली होती. खण ओढायचा, सही दाखवायची, माझा प्रश्न संपला. माझं या कामात दुसरं काही नाही. हॉल नाही, दुकान नाही, पाटी नाही. माझ्या हातून नाव सुटत नाही, एवढंच माझं भांडवल. आणि समोर उभा असलेला माणूस सही बघून घरी गेला असता आणि पुन्हा कधी भावाच्या दारात चढला नसता. ना तो, ना त्याची पोरं.

“कॉम्प्युटर बदलला,” मी म्हटलं. “जुनं काही उघडत नाही. सगळी नावं नव्याने टाइप केली. तुमचं सुटलं. चूक माझी.”

“येकच सुटला?”

“एकच.”

“दादा काय बोलला?”

“ओरडले मला.”

“ओरडला?”

“खूप.”

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. “ओरडनारच,” तो म्हणाला. मग पत्रिका माझ्याकडे सरकवली. “लिव. पेनानं लिव.”

मी निमंत्रकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधल्या फटीत, बारीक अक्षरात, त्याचं नाव लिहिलं. श्री. लिहायला विसरले नाही. त्याने फुंकर घालून शाई वाळवली, पत्रिका शर्टाच्या खिशात घातली आणि गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तो लग्नाला आला. मी बघितलं, मीही गेले होते. मांडवाच्या कडेला उभं राहून त्याने अक्षता टाकल्या आणि मग पोरगी पाया पडायला आली तेव्हा तिच्या डोक्यावरून हात काढेना. काशिनाथदादा लांबून बघत होते. जनावहिनींनी माझ्या पानात न विचारता दोनदा भात वाढला. हे सगळं छान झालं असं कोणाला वाटत असेल तर पुढचंही ऐकावं.

काशिनाथदादांनी मला ना धन्यवाद दिले ना काही विचारलं. दामोदरने लोकांना सांगितलं असेल तेच त्यांनीही उचललं, कारण ते सोयीचं होतं. मांडवातच कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, “ताईनं नवा मशीन घेतलाय, नावं खाते.” स्वतःच्या सहीचा कागद माझ्या खणात आहे हे माहीत असलेला माणूस, हसून सांगत होता. ते वाक्य वळमधून पूर्ण्याला गेलं, तिथून पुढे गेलं. त्या सराईत माझ्याकडे आलेली घरं मागच्या वर्षीच्या निम्मीही नव्हती. जी आली ती प्रूफावर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायची, पोलिसांनी हजेरी घ्यावी तशी. मी बसून ऐकायची.

स्नेहल तर उखडलीच. “तू माझ्या कॉम्प्युटरचं नाव खराब केलंस.”

“त्याचं काय बिघडलं? त्याला थोडंच गावात तोंड दाखवायचंय.”

“आणि तू खोटं का बोललीस? सही होती ना तुझ्याकडे?”

मी म्हटलं, भाजी करपतेय, ठेव फोन. कामाच्या वेळी असले प्रश्न मला आवडत नाहीत, आणि फावल्या वेळीही आवडत नाहीत. यंत्र निर्दोष होतं हे मला कळत होतं. त्याने एकही नाव खाल्लं नव्हतं, उलट मी दाबलेलं बटण न् बटण जपून ठेवलं होतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. दोषी यंत्राशी भांडता तरी येतं.

आता मी सगळ्या फायली बोटांनी वाचून पुन्हा टाइप केल्या आहेत. ‘नावं लिहून द्या’ हे कोणालाही म्हणत नाही. जी घरं परत आली त्यांना येण्याआधीच मागच्यासारखं प्रूफ तयार ठेवते. माणसांना विचारलं की ती विचार करतात, आणि विचार करायला लागली की एकमेकांना वगळतात.

गेल्या आठवड्यात दामोदर आला. त्याच्या मुलीचं लग्न आहे, पत्रिका द्यायला आला होता. पत्रिका माझ्याकडे केलेली नव्हती. ठाण्याहून छापून आणलेली, सोनेरी, जाड, उघडली की दार उघडावं तशी दोन्ही बाजूंनी उघडणारी. मी चष्मा लावला. निमंत्रकांच्या पहिल्या ओळीत पहिलं नाव, श्री. काशिनाथ. दामोदरचं स्वतःचं त्याच्या खाली.

“बग येकदा,” तो म्हणाला. “सगली नावं हायत ना?”

छापून झालेली, वाटायला काढलेली पत्रिका. आता बघून काय होणार होतं? तरी मी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली. त्या घराची नावं मला पाठ आहेत.

“सगळी आहेत. एकही सुटलेलं नाही.”

“तुजेकडं पन सुटला नव्हता,” दामोदर म्हणाला.

मी चष्म्यावरून बघितलं.

“आमचे घरात राग कोनाचा हाय, मना म्हाईत न्हाय का?” तो उभ्याउभ्याच बोलत होता, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. “तुजेकडं आलो असतो तं लोक बोलले असते, मशीन नावं खाते तं हा कसा परत गेला तिचेकडं. मंग दादाची अब्रू काय राहिली असती? म्हनून ठान्याला गेलो. तू राग मानू नको.”

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. दामोदरला अजून बरीच घरं करायची होती.

“नाही मानत,” मी म्हटलं, जे खरं नव्हतं. आणि पत्रिका त्याच्यापुढे धरून, किलबिलमध्ये त्याच्या नातवाचं नाव दोनदा छापलंय, ते बोट ठेवून दाखवलं.